मोरणा खोऱ्यातले लाकडी गोठे

सातारा जिल्ह्यात जुनं लाकूडकाम बघायचं म्हटलं की लोक वाईजवळच्या मेणवलीला जातात. नाना फडणविसांचा वाडा आहेच तसा. पण त्याचे फोटो आजवर अमाप निघालेत. ज्या सुतारांनी बैलांसाठी आणि भातासाठी लाकूड घडवलं, त्यांच्या कामाकडे कॅमेरा क्वचितच वळतो. म्हणून भाताची कापणी-मळणी उरकल्यावर मी कराडहून कोयनेच्या काठाकाठानं पाटणला आलो आणि तिथून मोरगिरीचा रस्ता धरला.

गुणवंतगड मागे पडला की खोरं अरुंद होत जातं. ज्या गावात थांबलो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या लाकडाचे व्यापारी अशी गावं शोधतच असतात.

"या की पाव्हणं, पर गोठ्याचा कसला फोटू काढताय?" त्या घरच्या तात्यांनी विचारलं. आत गेल्यावर माझ्याकडून उत्तर द्यायचं राहूनच गेलं. घर आणि गोठा एकाच आढ्याखाली. ऐनाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर पाटाचा माळा आणि माळ्यावर छपरापर्यंत रचलेला पेंढा. खाली गव्हाणीशी दोन बैल आणि एक म्हैस. गव्हाणीची फळी जनावरांच्या माना घासून घासून गुळगुळीत झालेली. मागची भिंत कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली. कुठेही खिळा नाही. एका लाकडाची कूस, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, दुसऱ्याच्या भोकात बसवून वर लाकडी पाचर ठोकलेली.

आत अंधार दाट. उजेड फक्त दारातून आणि कौलांच्या फटींतून. इथे फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसतं. मी ट्रायपॉडवर कॅमेरा लावून शटर काही सेकंद उघडं ठेवलं आणि टॉर्च खांबाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरला. तेव्हा लाकडावर वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासणीच्या हत्याराचे, घाव एकेक करून उमटले, ओल्या वाळूवर लाटांच्या रेघा राहाव्यात तसे. त्या सुताराचं नाव आता घरात कुणालाच आठवत नाही, पण त्याचा हात कुठे जोरात चालला आणि कुठे सावकाश, ते अजून वाचता येतं. माझ्या मते या इमारतींचा खरा फोटो हाच. लांबून टिपलेलं कौलारू छप्पर आणि मागचा डोंगर छान दिसतो, पण त्यातून बांधणीचं काहीच कळत नाही.

खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडी तळखड्यांवर उभे आहेत. त्यामुळे ओल आणि वाळवी सहजी वर चढत नाही. चुलीच्या धुरानं वरचं लाकूड काळंभोर झालंय, म्हणून कीडही लागलेली नाही. छपराचा भार खांबांवर, भिंती नुसत्या आडोशाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तात्या लहान होते. "भिताडं भाईर पडली, पर आढं जाग्यालाच हुतं," ते म्हणाले आणि खांबावर थाप मारली.

असं घर पडतं ते बहुतेक वेळा माणसांची वहिवाट थांबली की. गॅस आला, धूर संपला. पॉवर टिलर आला, बैल विकले गेले. पोरं मुंबईला. मग माकडं कौलं फोडतात, ती बदलायला माळ्यावर चढणारं कुणी उरत नाही, आणि फुटक्या कौलातून पाटणचा पाऊस थेट तुळईवर पडत राहतो. शेजारच्या घरानं म्हणूनच पत्रा घातला. त्यांना दोष देववत नाही. दर पावसाळ्याआधी कौलं परतणं सोपं काम नाही. पण त्यांच्या तुळया आणि खांब विकले गेले, आणि कुठला सांधा कुठे होता हे आता कुणी सांगू शकणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यामुळे आता मी प्रत्येक सांध्याशेजारी मोजपट्टी ठेवून एक साधा, सरळ फोटो काढतो. खण (दोन खांबांमधले गाळे) किती, खांबाचा घेर किती, लाकूड कुठल्या झाडाचं हे घरच्या माणसांनाच विचारून वहीत उतरवतो. छापलेले फोटो त्यांना पोस्टानं पाठवतो. ढेबेवाडी किंवा चाफळ भागात कुणाच्या गावी असा गोठा अजून वापरात असेल तर जरूर कळवा. कौलं उतरायच्या आधी मला तिथे पोचायचंय.