मोटर, चौथा आठवडा: अर्धंच घासायचं

सहावी-सातवीच्या गटाला या खेपेस तयार किट दिलं नाही. १.५ व्होल्टचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबर बँड, फेराइटचं चपटं चुंबक आणि मीटरभर इनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप असलेली, तांब्याची तार, एवढंच. जाड मार्करभोवती दहा वेढे, दोन टोकं समोरासमोर बाहेर, ती पिनांच्या भोकांत, खाली चुंबक. पोरांनी अर्ध्या तासात जोडणी उरकली.

आठपैकी एकही मोटर फिरली नाही.

कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, थरथरायची, इकडून तिकडे डोलायची आणि गप्प. चूक माझी होती. इनॅमल राहून जाईल या भीतीने मीच सांगितलं होतं, "दोन्ही टोकं चकचकीत होईपर्यंत घासा." त्यांनी इमानदारीत घासली. आता प्रवाह सतत वाहणार, म्हणजे पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला धक्का दुसऱ्या अर्ध्या फेरीत उलटा होणार आणि कॉइल मागे खेचली जाणार. म्हणून एक टोक पूर्ण घासायचं आणि दुसरं फक्त एका बाजूने. मग अर्धी फेरी प्रवाह तुटतो आणि कॉइल आपल्याच वेगात पुढे निघून जाते.

हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं, चेहरे कोरेच. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे झोपाळा आपल्याकडे येत असताना ढकलायचा नाही, तसंच ना?" हो, तसंच. आकृती पुसून टाकली.

अर्धं घासायची रीत: कॉइल उभी धरा, टोक टेबलाच्या कडेवर टेकवा आणि पॉलिश पेपर फक्त वरून फिरवा. तार बोटांत फिरली की संपलं. आधीच पूर्ण घासलेल्या दोन टोकांपैकी एकाच्या एका बाजूला नेलपॉलिशचा हात दिला आणि वाळू दिलं. दुसऱ्या तासाला पाच मोटरी फिरल्या, त्याही बोटाने हलकी टिचकी दिल्यावर. आणखी दोघींची टोकं एका रेषेत नव्हती. ती सरळ केल्यावर त्याही सुटल्या.

"सर, सेल तापला!" हे मात्र दोनदा ऐकलं. कॉइल अडकून बसली की जवळजवळ शॉर्ट सर्किटच होतं. आता नियम केलाय: फिरत नसेल तर कॉइल लगेच उचलायची, विचार नंतर करायचा. नियोडिमियमच्या फार जोरदार चुंबकाने मोटर सुसाट पळते हे मान्य, पण खोलीत लहान मुलंही असतात. असे दोन तुकडे गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून धरतात. फेराइटवर माझं भागतं.

एकाने विचारलं, सगळ्यात आधी कोणी फिरवली? १८२१ मध्ये फॅरेडेने पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली होती. तिथे तारेला धक्का सतत एकाच दिशेने मिळत होता, त्यामुळे प्रवाह तोडायची भानगडच नव्हती. पारा अर्थातच वर्गात आणायचा नाही.

तिसरी-चौथीचा लंबक थोडक्यात. २५ सेंटिमीटर दोरीला दहा झोके सुमारे १० सेकंदांत. दोरी एक मीटर, म्हणजे चौपट केली, तर सगळे ओरडले "४० सेकंद!" आले २०. वजनाचा प्रयोग करणार असाल तर एक सांगतो: नट एकाखाली एक लोंबवू नका, लांबीच वाढते आणि "जड लंबक हळू हलतो" असा खोटा निष्कर्ष निघतो. शेजारी-शेजारी बांधा. माझा एक तास यात गेला.

आठवी मोटर अजून बंद आहे. एका पिनच्या भोकात काळपट थर दिसतोय, त्याचाच संशय आहे. त्या जोडीला अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी त्यांच्या हातात भिंग देणार आहे.