त्रिकोण कुठे गेला?

मी पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजात लॅब टेक्निशियन आहे. ॲनिमल हाउस आणि त्याला लागून असलेली हौदाची खोली माझ्याकडे असते. हौद म्हणजे मॉरिस वॉटर मेझ. मेझ म्हटलं की लोकांना भुलभुलैया आठवतो. इथे तसलं काही नाही. 1.8 मीटर व्यासाचा गोल हौद, हजारेक लिटर पाणी आणि पाण्याखाली 2 सेंटिमीटरवर लपवलेला बशीएवढा प्लॅटफॉर्म. उंदीर पोहत सुटतो आणि प्लॅटफॉर्म सापडला की वर चढून बसतो. दुसऱ्या दिवशी लवकर सापडला, तर त्याला आठवलं म्हणायचं. हौदात खूण कसलीच नसते, तो खोलीच्या भिंतींवरच्या खुणा बघून दिशा धरतो. रिचर्ड मॉरिस यांनी 1981 साली मांडलेली ही चाचणी या एका युक्तीवर उभी आहे.

आमचे उंदीर विस्टार जातीचे, पांढरेशुभ्र, त्यामुळे दूध पावडर घातलेल्या पाण्यात छतावरच्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. शिवाय दूध दुपारपर्यंत वास मारायला लागतं. म्हणून आम्ही काळा बिनविषारी पोस्टर कलर घालतो. डिसेंबरात नळाचं पाणी हात बधिर करतं. दोन रॉड लावून ते 25 अंशांवर आणायला मी सहाला येतो, आणि रॉड बाहेर निघाल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू देत नाही. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारीच ड्रम भरायचे. हे सगळं कुणाच्या प्रबंधात येत नाही. तिथे एका ओळीत ‘पाण्याचे तापमान नियंत्रित ठेवले’ एवढंच असतं.

त्या आठवड्यात एम. फार्म.च्या एका मुलीचं काम चालू होतं. स्कोपोलामाइन देऊन स्मृती बिघडवायची आणि ब्राह्मीच्या अर्काने ती सावरते का बघायचं. सहा-सहाचे चार गट, एकूण चोवीस उंदीर. रोज प्रत्येकाला चार वेळा पोहवायचं, म्हणजे दिवसाला शहाण्णव वेळा उंदीर सोडायचा, उचलायचा, टॉवेलने पुसायचा. शुक्रवारपर्यंत नॉर्मल गट सात-आठ सेकंदांत प्लॅटफॉर्म गाठत होता. पोरगी खूश होती.

शनिवारी खरी परीक्षा. प्लॅटफॉर्म काढून टाकायचा आणि तो हौदाच्या ज्या चतकोरात होता, तिथे साठ सेकंदांपैकी किती वेळ उंदीर घुटमळतो ते मोजायचं. ज्याला काहीच आठवत नाही तो चारही चतकोरांत सरासरी पंधरा-पंधरा सेकंद फिरणार. पहिला उंदीर सोळा सेकंद. दुसरा तेरा. तिसरा कडेकडेने नुसत्या फेऱ्या मारत राहिला. हा नॉर्मल गट बरं का, यांना स्कोपोलामाइन टोचलेलंही नव्हतं.

“काका, हे सगळेच विसरले?”

चौथा, शेपटीवर पिक्रिक ॲसिडचा पिवळा पट्टा असलेला, पाण्यात पडल्यावर क्षणभर थांबला, नाक वर केलं आणि थेट माझ्या दिशेने पोहत आला. माझ्या स्टुलासमोरच गोल गोल फिरत राहिला. बरोबर त्याच चतकोरात. आठवडाभर मी स्टॉपवॉच घेऊन त्याच जागी बसलो होतो. त्याची खूण मी होतो.

तेव्हा मी मान वर केली. भिंती पांढऱ्याफटक. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या काळ्या कार्डपेपरचे त्रिकोण, गोल, फुली, काहीही नव्हतं. सोमवारी तपासणी समिती येणार होती. भिंतीला ‘चिकटवलेले कागद’ कुणालातरी घाण वाटले असणार.

मी तोंडातून शब्द काढला नाही. पाचवा आणि सहावा तसाच सोडला. का, ते अजून कळत नाही.

गाईड म्हणाले, “सहाच तर आहेत, वगळा. बाकीच्यांना कागद लावून घ्या.” नॉर्मल गटच वगळला तर तुलना कशाशी करायची, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं पद आठवलं. माणूस विद्वान आहे, पण हौदाशी येतो तो फोटोपुरता. तेच उंदीर पुन्हा घेऊनही भागत नाही, कारण प्लॅटफॉर्म तिथे नसतो हे त्यांना एकदा कळलेलं असतं. नवे उंदीर म्हणजे पुन्हा एथिक्स कमिटी, आणि पोरीचं सबमिशन तोंडावर. ती रडली नाही. टॉवेल पिळून वाळत घातले आणि खाली चहाला गेली.

आता खुणा प्लायवूडवर रंगवून स्क्रूने ठोकल्यात.

सकाळी खोलीत शिरताना डिस्टेंपरचा वास मला आला होता. मी खिडकी उघडली आणि थर्मामीटरमध्ये डोकं घातलं. आदल्या संध्याकाळी ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी ‘जरा झाडलोट करून घेतो’ म्हणून किल्ली मागितली, तेव्हा मला बस गाठायची होती. रजिस्टरमध्ये मी लिहिलंय, ‘भिंत रंगवल्याने खुणा नाहीशा, नोंदी बाद.’ किल्ली कुणी दिली ते लिहिलेलं नाही.