इंग्रजी कोणाकडून तपासून घ्यायचं?

जर्नलला पाठवलेला माझा शोधनिबंध, म्हणजे पेपर, परत आलाय. नाकारलेला नाही, बदल करून पुन्हा पाठवा म्हणतात. पहिल्या रिव्ह्यूअरचे मुद्दे कामाचे आहेत, त्यांच्यावर काम चालू आहे. दुसऱ्याची पहिलीच सूचना मात्र अशी, की इंग्रजी एखाद्या नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या. कोणतं वाक्य खटकलं, कुठे अर्थ लागला नाही, याचा एकही दाखला नाही. या जर्नलमध्ये रिव्ह्यूअरला लेखकाचं नाव दिसतं, लेखकाला त्याचं दिसत नाही. माझं आडनाव वाचून मी कुठली हे कोणालाही कळेल.

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे इंग्लंडमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी यॉर्कशायरमध्येच जन्मली, वाढली. तिच्या ड्राफ्टवर आमच्या गाइडच्या खुणा माझ्याइतक्याच असतात. ‘आमच्या घरी असं कोणीच बोलत नाही,’ म्हणते ती. खरंच आहे ते. स्वतःला वाक्याबाहेर ठेवायचं, दावा पुराव्याच्या मापाचाच करायचा, विधानामागे कंसात नाव आणि वर्ष द्यायचं, ही भाषा कोणी आईकडून शिकत नाही. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे विज्ञानाचं नियतकालिक सुरू केलं, तेव्हा त्यातला बराच मजकूर पत्रासारखा असे: मी अमुक करून पाहिलं, मला तमुक दिसलं. आजची पद्धत त्यानंतर हळूहळू घडत गेली. म्हणजे ती माणसांनी बसवलेली रीत आहे आणि शिकणाऱ्याला शिकता येते. मी मराठी शाळेतून येऊन शिकले. त्यावर शिक्का मारायला कोणाचा जन्मदाखला कशाला हवा?

शिकण्यातला खरा झगडा व्याकरणाशी नव्हताच. माझा विषय पुण्याच्या टेकड्यांखालचं पाणी. पहिल्या चॅप्टरमध्ये मी लिहिलं होतं, की टेकडीचा उतार फोडून इमारती उभ्या राहिल्या आणि त्यामुळे खालच्या विहिरी आटल्या. गाइडने समासात विचारलं, ‘कशावरून?’

कशावरून म्हणजे काय? कोथरूडमध्ये लहानाची मोठी झालेय मी. आमच्या सोसायटीमागच्या विहिरीत पोरं सूर मारायची, तिथे आता मार्चमध्ये तळ दिसतो. हे मी गाइडला तोंडी सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे सगळं खरं असेल, पण चॅप्टरमध्ये कुठे आहे?

चॅप्टरमध्ये होत्या विहिरींच्या पातळ्या, पावसाचे आकडे आणि बांधकामाचे नकाशे. त्याच वर्षांत त्याच गल्ल्यांमध्ये बोअरवेलही वाढल्या होत्या. शिवाय आपल्याकडचा खडक बेसॉल्ट. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये, त्यामुळे जवळजवळच्या दोन विहिरीसुद्धा वेगळ्या वागतात. एवढ्या सामग्रीवर एकालाच दोषी धरता येत नव्हतं. शेवटी वाक्य झालं ते असं: ‘उतारावरचं बांधकाम वाढलं त्याच काळात खालच्या विहिरींची पातळी खालावलेली दिसते, बांधकाम हे त्याचं एक कारण असू शकतं, बोअरवेलचा वाढता उपसा हे दुसरं.’

हे वाक्य मला अनेक दिवस टोचत राहिलं. टेकडी फोडणाऱ्याला असंच वाक्य हवं असतं ना? ‘असू शकतं’च्या आडून तो सुटतो. पण उद्या पुण्यातल्या हरित लवादापुढे कोणी माझा पेपर ठेवला, तर समोरचा वकील पहिलं वाक्य दोन मिनिटांत पाडेल आणि त्याच्यासोबत माझी सगळी मोजणी पाडेल. दुसरं वाक्य त्याला हलवता येणार नाही. टेकडीवर माझा जीव आहे, म्हणूनच मला न पडणारं वाक्य हवंय.

आणि ही शिस्त साहेबाकडेच असते असं कोणी समजू नये. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ शब्द ठरवण्याचं, काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. एकूण १९ खंड, त्यामागे १,२५९ हस्तलिखितं. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी १९२५ मध्ये संपादनाची सूत्रं हाती घेतली आणि एक पद्धत घालून दिली: ज्या शब्दांच्या पाठाबद्दल पुरेशी खात्री नाही, त्यांच्याखाली नागमोडी रेघ. महाभारतासारख्या ग्रंथात, जिथे श्रद्धेने कोणीही ठाम बोलेल, तिथे हा माणूस पानोपान सांगतो की इथे मी खात्रीने बोलत नाही. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले, डॉक्टरेट बर्लिनला केली, हे मला ठाऊक आहे. तिथे शिकले असतील, पण रेघ पुण्यात ओढली. मीही तेच करणार आहे.

‘आपल्याकडे हे शिकवतच नाहीत,’ असं इथली भारतीय मुलं ऊठसूट म्हणतात. मला ते पटत नाही. पुण्यातल्या माझ्या सरांकडे प्रॅक्टिकल, पेपर तपासणी आणि कॉलेजची निम्मी कारकुनी होती, तरी प्रोजेक्टमधला प्रत्येक आकडा कुठून आला हे ते विचारायचेच. इथे लेखनासाठी वेगळं केंद्र आहे, वेळ ठरवून कोणीतरी तासभर शेजारी बसतं, पैसे लागत नाहीत. ही सोय उत्तम आहे आणि मी ती भरपूर वापरते. आमच्या सरांना अशी माणसं दिली असती तर त्यांनीही केलं असतं. सध्या तिकडे थिसिस लिहिणाऱ्यांनी मँचेस्टर विद्यापीठाची अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक जरूर पाहावी. मतभेद कसा नोंदवायचा, मर्यादा कशा सांगायच्या, याची तयार वाक्यं तिथे सापडतात.

पैसे घेऊन इंग्रजी तपासून देणाऱ्या सेवा आहेत, त्यांचं प्रमाणपत्रही जोडता येतं. गाइड म्हणाले, कटकट नको असेल तर घेऊन टाक. मी घेणार नाही. संपादकांना उत्तर लिहून ठेवलंय: भाषा लेखिकेने स्वतः पुन्हा तपासली आहे, अर्थ न लागणारी वाक्यं रिव्ह्यूअरने ओळ क्रमांकासह कळवावीत, ती दुरुस्त केली जातील. पहिल्या रिव्ह्यूअरने मागितलेला पावसाचा तक्ता तयार झाला, की दोन्ही एकदमच पाठवते.