ढिली तार, चार आवाज: सातवी नोंद

मागच्या वेळी लिहिलं होतं, 'बोन इव्हेअर' या अमेरिकन बँडचं 'स्किनी लव्ह' हे गाणं गिटारवर हातात बसलं की कळवतो. बसलंय. अंगठा अजून मधेच लय सोडतो, पण ते माझं जुनंच दुखणं. दरम्यान चौथी तार तुटली. गाण्याच्या ट्यूनिंगसाठी डी सुरावरून ईवर चढवत होतो, खुंटीपाशी टणकन गेली. गालावर नाही बसली, हे नशीब.

ज्यांनी हे ट्यूनिंग, म्हणजे तारांची ही जुळणी, लावलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: जाड तारेकडून बारीक तारेकडे सी, जी, ई, जी, सी, सी. पांढरी एकचा सा धरला तर सा प ग प सा सा. शेवटच्या दोन तारा एकाच सुरात. आमच्या मिरजकरानं गिटार मांडीवर घेतली, त्या दोन तारा छेडल्या आणि म्हणाला, "लगा, ही तर तंबोऱ्याची जोडी की!" त्याचं घर सतारमेकर गल्लीच्या पाठीमागे, त्यामुळे त्याला कशातही तंबोराच दिसतो. पण या वेळी बरोबर होता.

अडचण पहिल्या तारेची. ईवरून सीपर्यंत उतरवली की ढिली पडते आणि फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पडद्यांवर, घासून झणझणते. दोन रात्री त्यातच गेल्या. "आमच्याकडं जवारीसाठी लोक पैसे मोजतात आणि तू घालवतोयस," हा मिरजकराचा वर टोमणा. (जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या सुराची ती गोड झणझण. ती घोडीवर तार कशी टेकते त्यातून येते, माझी तार भलतीकडेच टेकत होती. हे त्यालाही ठाऊक आहे.) शेवटी डोकं चाललं: दोन्ही तारा एकाच सुरात लागणार, तर दोन्ही एकाच जाडीच्या का नकोत? जुन्या संचातली दुसरी तार पहिलीच्या जागी लावली. खाचेत जरा आवळून बसली, पण झणझण बंद. हे ट्यूनिंग कायम ठेवणार असाल तर करून बघा.

आता भांडणाकडे येतो. शनिवारी विश्रामबागेत गच्चीवर जमलो, भडंगाचा डबा मधे, आणि विषय 'बोन इव्हेअर'चाच. आमच्यात सरळ दोन तट आहेत. एकाला 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो' हवा: २००६-०७ च्या हिवाळ्यात बँडचा गायक जस्टिन व्हर्नन अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या खोपटात एकटा जाऊन राहिला आणि त्यातून हा अल्बम घेऊन आला. दुसऱ्याला '२२, अ मिलियन' हवा. सप्टेंबर २०१६ चा, दहा गाणी, ३४ मिनिटं, शीर्षकांत आकडे आणि चिन्हांचा खच, आवाज चिरलेले, ठेचलेले, तुकडे जोडलेले. आमच्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या ताईंचं म्हणणं, माणूस गाता गाता यंत्रामागे लपला. मिरजकराचं म्हणणं नेमकं उलटं. "पहिल्या अल्बमात तो जंगलात लपला होता, इथं समोर आलाय." मी ताईंच्या बाजूचा होतो. होतो म्हणतोय, कारण मग मी याच दुसऱ्या अल्बमातलं '७१५ क्रीक्स' बसवायला घेतलं.

गाणं जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. ७१५ हा व्हर्ननच्या गावाकडचा, म्हणजे ओ क्लेअरचा टेलिफोन कोड. वाद्य एकही नाही, नुसता गळा आणि त्याच गळ्याच्या प्रती. ज्या यंत्रणेतून त्या निघाल्या तिला 'मेसिना' म्हणतात. क्रिस मेसिना या ध्वनी अभियंत्याबरोबर व्हर्ननं ती तयार केली. व्हर्नन माइकमध्ये गातो, त्याच वेळी की-बोर्डवर सूर दाबतो, आणि आवाज दाबलेल्या सगळ्या सुरांत तिथल्या तिथे बाहेर पडतो.

माझ्याकडे यंत्र नाही, म्हणून हातानं करायचं ठरवलं. एकेक आवाज वेगळा गायचा आणि एकावर एक रचायचे. रात्री अकरानंतर, कारण त्याआधी शेजारचा मिक्सर आणि कुणाचा तरी कुकर. चार आवाज झाले, एकत्र ऐकले. सोसायटीतली गणपतीची आरती! सूर जागेवर होते, पण प्रत्येक आवाज वेगळ्या ठिकाणी श्वास घेत होता आणि ओळीच्या शेवटचा 'स' चार वेळा ऐकू येत होता: स, स्स, स.

मग भावाचा छोटा कॅसिओ जोडला आणि एक फुकटचं हार्मोनायझर, म्हणजे एका आवाजाचे अनेक सूर करणारं सॉफ्टवेअर घेतलं. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज किती साठवून मग बाहेर सोडतो तो आकडा, ५१२ वर ठेवला तर आवाज कानात उशिरा येतो आणि गाताना पाय अडखळल्यासारखं होतं. १२८ वर आणला तर लॅपटॉप कडकड करतो. २५६ वर कसंबसं जमलं. आणि इथं फरक कळला. चारही सूर एकाच श्वासावर. 'स' एकच. माझा आवाज मधेच जरा फाटला, तर चारही आवाज एकाच जागी फाटले. चार माणसं नव्हेत, एकाच माणसाच्या चार चिरफळ्या. चूक लपायला जागाच नाही, उलट ती चौपट होते.

त्याच रात्री हेडफोन लावून 'फॉर एमा' पुन्हा ऐकला. ज्याला आपण सगळे साधा, उघडा, शेकोटीपाशी बसून गायलेला म्हणतो, त्यात तो वरच्या पट्टीतला आवाज ठिकठिकाणी स्वतःवरच रचलेला आहे. पुन्हा पुन्हा गाऊन, माझ्या आरतीसारखाच, फक्त चांगला. कडा किंचित सुटतात, म्हणून तो ऊबदार वाटतो. म्हणजे साध्या अल्बमातच जास्त गर्दी आहे आणि '७१५ क्रीक्स'मध्ये एकटा गळा. शिवाय २००९ च्या त्याच्या 'वुड्स' गाण्यात ऑटो-ट्यून (आवाज सुरात खेचणारं सॉफ्टवेअर) लावून हेच सगळं आधीच करून झालं होतं. तेव्हा आमच्यातलं कुणी कुरकुरलं नव्हतं.

सगळ्या अल्बमची वकिली करत नाही. दोन-तीन गाण्यांत मोडतोड निव्वळ हौसेची वाटते, आणि शीर्षकांचं तर मला अजून हसू येतं.

काल ताईंना माझे दोन्ही प्रयोग ऐकवले. आरतीवर त्या इतक्या हसल्या की भडंग घशात अडकलं. दुसरा निमूट ऐकला, मग मूळ गाणं लावायला सांगितलं, मग अजून एकदा. मी आशेनं बघत होतो.

"गातोय बरा," त्या म्हणाल्या. "पण मला खोपटातलाच आवडतो. आणि तुझा तिसरा सूर उतरलाय."

उतरलाय खरा. या आठवड्यात तेवढं दुरुस्त करायचंय.