७८ च्या तबकड्या, चौथा महिना: वेग सापडला

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या माझ्या ६४ ग्रामोफोन तबकड्यांपैकी ३१ संगणकावर उतरल्या. मागच्या महिन्यापेक्षा दोनच जास्त, कारण सहा पुन्हा कराव्या लागल्या.

माझ्या टर्नटेबलला ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत. म्हणून ७८ ची तबकडी ४५ वर वाजवून मुद्रित करतो आणि मग सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवतो. किती वाढवायचा, हे मी चित्रपटाच्या व्हीसीडीवरून ठरवलं. तिथेच फसलो. 'माणूस' (१९३९) मधलं शांता हुबळीकरांचं 'आता कशाला उद्याची बात' मामांना ऐकवलं. मामा पेटी वाजवतात. दोनच ओळी ऐकून म्हणाले, "अरे बापू, हे चढून राहिलं. कोणत्याच पट्टीत बसून नाही राहिलं." खरंच, सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत होता.

कारण शोधलं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्याकडच्या टीव्ही-व्हीसीडीसाठी तो बहुतेकदा २५ ने पळवतात. वेग ४ टक्के वाढतो आणि सूर अर्धस्वराच्या जवळजवळ पाऊण हिश्शाने वर जातो. शिवाय त्या काळी तबकडीसाठी गाणं पुष्कळदा वेगळं मुद्रित करत, त्यामुळे चित्रपटावरून ताडून पाहणंच चूक होतं.

मग स्ट्रोबची चकती छापली: ती टर्नटेबलवर ठेवायची, वेग बरोबर असेल तर विजेसोबत लुकलुकणाऱ्या दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात. पहिली १६० रेघांची निघाली, अमेरिकेतल्या ६० हर्ट्‌झच्या विजेसाठीची, रेघा थांबेचनात. आपल्या ५० हर्ट्‌झला ४५ साठी १३३ रेघा लागतात आणि ७८ साठी ७७. एलईडी दिव्याखाली काही दिसलं नाही. जुन्या एक्स्टेंशन बोर्डाचा लाल निऑन इंडिकेटर अंधारात चकतीजवळ धरला, तेव्हा रेघा स्थिर झाल्या. आता गुणक सरळ आहे: १३३ भागिले ७७, म्हणजे १.७२७. मूकपटांच्या काळातल्या तबकड्यांना हा हिशेब डोळे मिटून लावू नका, त्यांचा वेग नेमका ७८ असेलच असं नाही, तिथे कानच खरा.

मैनेचं, म्हणजे 'माणूस'मधल्या हुबळीकरांच्या पात्राचं, ते अनेक भाषांतल्या कडव्यांचं गाणं पुन्हा उतरवलं. चढलेल्या वेगात ती पोरसवदा वाटत होती. आता त्या आवाजात बाईचं वय आलंय, आणि एकेका भाषेतलं कडवं ती किती सावकाश, किती समजून टाकते, ते कळतं. मास्टर कृष्णरावांची चाल इतकी वर्षं ऐकतोय, पण तिच्यातला हा थकवा मला पहिल्यांदा ऐकू आला. त्या रात्री मी ती बाजू चारदा लावली.

मूळ ४५ ची फाइल कधीच पुसू नका. मी पुसली होती, म्हणून सहाही तबकड्यांवर सुई पुन्हा फिरवावी लागली.

उन्हाळ्याबद्दल थोडं. ७८ ची तबकडी लाखेची असते, नागपूरच्या मे महिन्यात सहज वाकते, म्हणून सगळ्या आतल्या खोलीत उभ्या ठेवल्यात. कूलरच्या खोलीत नाही, ओलीने कागदी पाकिटांना बुरशी धरते. आणि लाखेवर स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. साधं पाणी, मऊ ब्रश, लेबल कोरडं.

इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडे आणखी एक गठ्ठा आहे, अजून उघडलेला नाही. 'महल' (१९४९) ची ती पहिली तबकडी मी शोधतोय, जिच्यावर लताबाईंच्या नावाऐवजी पात्राचं, 'कामिनी' असं नाव छापलं होतं. रविवारी सकाळी जातोय, मामाही येताहेत.