देवगिरीची अंधारी

दौलताबादच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्या, किल्ल्याच्या दरवाज्यांच्या फळ्यांवर हत्तीची धडक परतवण्यासाठी ठोकलेले अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, आणि त्यांतल्या एका खिळ्याला परवा एका गृहस्थांनी जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवली, वाकून बुटाची नाडी बांधली आणि पिशवी काढून घेऊन ते शांतपणे पुढे गेले. हात पोहोचतो त्या उंचीवरचे खिळे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोटांनी गुळगुळीत झाले आहेत. त्यांच्यावरचे मात्र गंजून खरखरीत राहिले आहेत. मीही एकाच्या टोकाला बोट लावून पाहिले. हत्तीचे कपाळ फोडण्यासाठी घडवलेली वस्तू आता खुंटीच्या कामाला येते आहे, याचे बरे वाटून घ्यावे की वाईट, हे मला तिथे उभ्या उभ्या ठरवता आले नाही.

सोबत पुण्याहून आलेला माझा पुतण्या होता. यंदा आठवीत असल्यामुळे त्याला सगळ्या गोष्टींचे आकडे हवे असतात. वेरूळला जाताना वाटेत हा गड लागतो, म्हणून आम्ही उतरलो होतो. लेणी पुढे आहेतच, तासाभरात किल्ला पाहून होईल, असा माझा हिशेब होता आणि तो अर्थातच चुकला.

या गडाची खरी ताकद तटाबुरुजांपेक्षा खडकात आहे. टेकडीचा खालचा भाग चोहोबाजूंनी भिंतीसारखा उभा तासून काढलेला आहे, त्याच्या पायथ्याशी खडकातच खंदक खोदलेला आहे, आणि तो ओलांडल्यावर वर जाण्याची वाट ज्या भुयारातून जाते, त्याला अंधारी म्हणतात. आत शिरताच वटवाघळांचा उग्र दर्प नाकात भरतो. पायऱ्या ओबडधोबड आहेत, पाऊल टाकल्यावाचून पुढची पायरी किती खोल आहे ते कळत नाही, आणि एका वळणानंतर मागचा उजेडही दिसेनासा होतो. आमच्या गाइडने नेमके तिथेच सगळ्यांना थांबवले. "आता मोबाईल बंद करा साहेब, ताई, तुम्ही पण," असे म्हणून त्याने स्वतःची बॅटरी विझवली आणि त्या काळोखात, रोज सांगून घोटून घेतलेल्या आवाजात, शत्रूला मारण्याच्या युक्त्या सांगायला सुरुवात केली. दोन वाटांनी शिरलेले शत्रूचेच सैनिक अंधारात समोरासमोर येऊन एकमेकांना कापून काढत. उजेडाची तिरीप दिसली म्हणून जो तिकडे धावे, तो थेट खंदकात जाऊन पडे. आणि यातूनही कोणी वाचलाच, तर वरच्या तोंडाशी लोखंडी शेगडी पेटवून सगळे भुयार धुराने भरून टाकत. प्रत्येक युक्तीला लोक हसून दाद देत होते. खंदकाची गोष्ट तर एका लहान मुलीने पुन्हा सांगायला लावली.

हसलो मीही. मरणाची गोष्ट इतकी जुनी झाली की तिचे कोडे होते, आणि कोडे सुटल्याचा आनंद आपण मोकळेपणाने घेतो. पुतण्याने मात्र बाहेर उजेडात आल्यावर विचारले, "काका, पण अंधारीत खरंच किती माणसं मेली?"

मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना लक्षात आले, की हा गड ज्या ज्या वेळी पडल्याचे मी वाचले आहे, त्यांपैकी एकाही हकिगतीत या भुयारातली लढाई नाही. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानदेवांनी ज्याच्या न्यायी राज्याचा आदराने उल्लेख केला, त्या रामदेवरावावर सहाच वर्षांनी अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेले होते. राजाने गडाचा आसरा घेतला. घाईघाईत वर चढवलेली पोती धान्याची समजून ठेवली होती आणि ती मिठाची निघाली, असे सांगतात. मला त्या वेढ्यातला हाच एक क्षण डोळ्यांपुढे आणता येतो: कोणीतरी पोत्याची शिवण उसवली असेल, ओंजळीत आलेले दाणे फार पांढरे वाटले असतील, म्हणून खात्रीसाठी चिमूटभर जिभेवर ठेवले असतील, आणि मग काही वेळ कोणीच कोणाशी बोलले नसेल. गड उपासमारीपुढे नमला. इथून नेलेल्या संपत्तीच्या बळावर अलाउद्दीनाने त्याच वर्षी आपला चुलता आणि सासरा असलेल्या जलालुद्दीनाचा खून करवून दिल्लीचे तख्त मिळवले. (हे पुतण्याला सांगताना मी किंचित अडखळलो.)

पुढे रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याने बंड केले, तेव्हा दिल्लीच्या सुलतानाने, मुबारक खिलजीने, त्याची जिवंतपणी कातडी सोलवली. तुघलकाने 1327 मध्ये इथे राजधानी आणली, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. त्या काळचा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने इथल्या कैदखान्यात मांजरांनाही न जुमानणारे उंदीर असल्याचे लिहून ठेवले आहे, ते कोणी शिकवत नाही. 1633 मध्ये मोगलांनी सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले, आणि आत धान्य संपल्यावर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या मुलाने, फतेखानाने, बालेकिल्ला त्यांच्या हवाली केला.

पण मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती 1629 च्या जुलैमधली घटना. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, आपल्या मुलांसह आणि नातवासह निजामशाहाच्या मुजऱ्यासाठी याच गडावर दरबारात आले आणि तिथेच कापले गेले. शिवाजी महाराजांचा जन्म त्यानंतर सात महिन्यांनी झाला. खंदक, तासलेला कडा, अंधारी, यांतले काहीही त्या दिवशी कोणाच्या कामाचे नव्हते, कारण ज्यांना मारायचे होते त्यांना सन्मानाने आत बोलावले होते आणि मारणारे आतच उभे होते. ही हकिगत आमच्या गाइडने सांगितली नाही. त्यात युक्ती कसलीच नसल्यामुळे ती सांगून कोणी हसले नसते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असणार.

उतरताना आम्ही पुन्हा त्याच दरवाज्यातून आलो. आता उन्हे तिरपी झाली होती आणि खिळ्यांच्या लांब सावल्या लाकडावर पडल्या होत्या. पुतण्याने दोन्ही फळ्यांवरचे खिळे मोजायला घेतले, अर्ध्यात चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. मी त्याला घाई केली नाही.

गडाबाहेर पेरूच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. एकीकडून दोन पेरू घेतले. तिने सुरीने चार चिरा देऊन फोडी अलगद उलगडल्या, डब्यात बोटे घातली आणि विचारले, "मीठ लावू ना, दादा?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. "लावा," मी म्हणालो, "पण थोडंच."