दुबईची ऑफर आणि घरभाड्याचे चेक

दुबईच्या पगाराचा आकडा सांगितला की समोरचा आधी रुपयांत गुणाकार करतो. मी तो करणं लवकरच सोडलं. पगार दिरहममध्ये, खर्चही दिरहममध्येच. रुपयाचा संबंध येतो तो शिलकीशी. तिथे पगारावर आयकर नाही हे खरंच, पण "सगळा पगार हातात" म्हणणारे घरभाड्याचा विषय काढत नाहीत.

तिथल्या नोकरीच्या मुलाखती वगैरे झटपट झाल्या. घोडं अडलं एका साध्या मेलवर. पगारात बेसिक किती, घरभाडं किती, आणि ते दरमहा मिळणार की आगाऊ, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं, "आमचं पॅकेज मार्केटच्या तोडीचं आहे." पुन्हा विचारलं, तर "जॉइन झाल्यावर बोलू." एचआरच्या बाई फोनवर साखरेसारख्या गोड, कागदावर मात्र अक्षर नाही. वर सही कधी करताय म्हणून तगादा!

मी हटून बसलो, कारण तिथे भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. समजा वर्षाचं भाडं 60,000 दिरहम आहे आणि मालक चार चेकवर तयार झालाय. पहिला चेक 15,000चा. डिपॉझिट 5 टक्के, म्हणजे 3,000. फर्निश्ड घराला दुप्पट. एजंटचे साधारण तेवढेच, आणखी 3,000. वीज-पाण्याचं डिपॉझिट फ्लॅटला 2,000. झाले 23,000, आणि तेही पहिला पगार व्हायच्या आत. ऑफरमध्ये महिना 5,000 घरभाडं लिहिलेलं असेल, तर वर्षाचा हिशेब अगदी चोख जुळतो. सुरुवातीला मात्र तुम्ही गाळात. शिवाय चेकबुक हवं तर बँक खातं हवं, आणि खात्यासाठी एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथे गेल्यावर मिळणारं ओळखपत्र. तोवर राहायचं कुठे? पहिल्या महिन्याची सोय कंपनीकडून मागून घ्याच. आणि वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के हाउसिंग फी, म्हणजे पालिकेचा आकार, वीजबिलातून दरमहा कापली जाते, तीही धरा.

बेसिकसाठी भांडलो ते ग्रॅच्युइटीपायी. वर्षभर नोकरी झाली की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचं बेसिक, नोकरी सोडताना मिळतं. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवलं, की तिथे मार बसतो.

शेवटी मी सरळ लिहिलं, "पगाराच्या फोडीचा तक्ता आल्याशिवाय सही नाही." दुसऱ्या दिवशी तक्ता हजर! घरभाड्याचा ॲडव्हान्ससुद्धा मिळाला, पगारातून हप्त्याने वळता होणारा. म्हणजे सोय होतीच, फक्त मागणाऱ्यालाच द्यायची.

कुटुंब नेणार असाल तर कंपनीचा आरोग्य विमा फक्त तुमचाच आहे का, हे तपासा. बायकोमुलांचा बहुधा आपल्याच खिशातून. शाळेची फीही तशीच. कामगाराच्या व्हिसाचा खर्च मात्र कायद्याने कंपनीचा. तो पगारातून कापू देऊ नका. हो, आणि डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचा सरकारी शिक्का, निघण्याआधी इथेच उरकून घ्या, लग्नाच्या दाखल्याचंही.